पाणलोट, प्रदूषण आणि खाडीकाठचा आपला समाज

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात भाईंदर येथे दिलेले व्याख्यान)



या संमेलनात चार शब्द बोलावे अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न मजपुढे उभा राहिला. विद्यार्थ्यांचा गुणगौरव, हुंडाबंदी, वसतिगृहाचा निधी हे विषय या व्यासपीठावरून दरवर्षी मांडले जातात आणि ते आवश्यकच आहेत. परंतु ज्या एका वस्तूवर आपल्या ज्ञातीचे नाव आणि निर्वाह ही दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, तिच्याविषयी येथे क्वचितच बोलले जाते. ती वस्तू म्हणजे पाणी. आगर म्हणजे मिठागर, आणि आगरात राबणारा तो आगरी. खाडीचे पाणी बांधाआड घेऊन आपण मीठ पिकविले, तेच पाणी बांधाबाहेर ठेवून खारजमिनीत भात पिकविला, आणि त्याच पाण्यात पाग टाकून कालवणाची सोय केली. म्हणून आज पाण्याविषयीच बोलण्याचे मी योजिले आहे.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींच्या बाबतीत ती खरी असो. नदीच्या बाबतीत मात्र ती मोडल्यावाचून आपले भागणार नाही. कारण आपल्या खाडीत आज जे येत आहे ते कोठून येते, हे मूळ शोधल्याशिवाय कळावयाचे नाही.

प्रथम पाणलोट क्षेत्र म्हणजे काय ते पाहू. आपले जुने कौलारू घर डोळ्यांपुढे आणावे. छपराच्या माथ्यावर आढे असते. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब अंगणात येतो, पलीकडे पडलेला परसात जातो. दोन थेंबांमध्ये वीतभर अंतर असेल, पण त्यांच्या वाटा कायमच्या भिन्न झाल्या. जमिनीचेही तसेच आहे. डोंगराची धार हे आढे, उतार हे छप्पर आणि नदी ही पन्हळ. ज्या सर्व भूमीवरचे पाणी शेवटी एकाच नदीत उतरते, ती भूमी म्हणजे त्या नदीचे पाणलोट क्षेत्र. यातून एक गोष्ट आपोआप निघते. छपरावर कोणी काही सांडले, तर ते पन्हळीखाली ठेवलेल्या हंड्यात आल्यावाचून राहत नाही. मग तो हंडा कोणाचा आहे हे पाणी विचारीत नाही.

हे छप्पर काही लहानसहान नाही. आपल्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गणित केले तर एका एकरावर वर्षाकाठी सुमारे एक कोटी लिटर पाणी पडते. जमीन मोकळी असेल, झाडोरा असेल, तर त्यातील काही भाग मुरतो, झऱ्यांनी हळूहळू उतरतो आणि उतरताना गाळला जातो. तीच जमीन सिमेंटने झाकली की पाणी मुरावयाचे थांबते, आणि रस्त्यावरचे तेल, कचरा, गटारातील साचलेला मळ घेऊन एका दमात खाली धावते. पहिल्या मोठ्या पावसानंतर खाडीचे पाणी काळे का दिसते, याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

आपण ज्या नदीच्या शेवटच्या टोकाला राहतो तिचे नाव उल्हास. वसईची खाडी असे जिला आपण म्हणतो, ते उल्हास नदीचेच मुख होय. ही नदी खंडाळा-राजमाचीच्या बाजूस सह्याद्रीत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर यांच्या शेजारून कल्याणकडे येते. वाटेत तिला पेज, बारवी यांसारख्या नद्या मिळतात. भातसेला पोटात घेऊन आलेली काळू तिला कल्याणजवळ मिळते. पुढे ठाण्याशी एक फाटा ठाण्याच्या खाडीकडे वळतो, आणि मुख्य प्रवाह घोडबंदर, भाईंदर व वसईचा किल्ला यांच्या साक्षीने समुद्रास मिळतो. सुमारे १२२ किलोमीटर लांबीची ही नदी ४,६३७ चौरस किलोमीटर प्रदेशाचे पाणी आणते. सह्याद्री हे तिचे आढे. परंतु मनुष्याने त्या आढ्यालाही वाट पाडली आहे. १९२२ साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजघरासाठी घाटमाथ्यावरील आंध्रा नदीचे पाणी कोकणात उतरविले गेले. जे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशा मार्गाने बंगालच्या उपसागरास जावयाचे, ते वीज देऊन उल्हासेच्या खोऱ्यात येते. उन्हाळ्यातही नदीचे पात्र वाहते राहते याचे एक मोठे कारण हेच आहे.

आता मी जे सांगणार आहे त्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. ही एकच नदी आपल्या गावी दोन वाटांनी येते. पहिली वाट नळाची. शहाड येथे उल्हासेचे पाणी उचलून टेमघर येथे शुद्ध केले जाते, बारवी धरणाचे पाणी जांभूळ येथे शुद्ध केले जाते, आणि या दोन्ही योजनांचे पाणी मोठमोठ्या नळांतून मीरा-भाईंदरच्या घराघरांत पोहोचते. दुसरी वाट खाडीची. शहाडच्या खाली तीच नदी शहरांमागून शहरे आणि कारखान्यांमागून कारखाने ओलांडीत आपल्या जेट्टीशी येते. नळाचे पाणी पिऊन आपण नदीला माय म्हणतो आणि खाडीशी आलो की नाकाला पदर लावतो. दोन्ही ठिकाणी नदी तीच आहे. फरक एवढाच की एक पाणी माणसांच्या वस्तीच्या वरून घेतलेले आहे आणि दुसरे खालून आलेले आहे.

वर आणि खाली या दोन शब्दांत किती अंतर असते, याचा दाखला लंडन शहराने दिला आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात दोन खाजगी कंपन्या एकाच वस्तीला थेम्स नदीचे पाणी पुरवीत. एका कंपनीने १८५२ मध्ये आपला पाणी उचलण्याचा पंप शहराच्या वरच्या अंगास, जेथे भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा ठिकाणी नेला. दुसरीचा पंप शहराच्या मैल्यातच राहिला. १८५४ मध्ये पटकीची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टराने घरोघर चौकशी केली. खालचे पाणी पिणाऱ्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले, तर वरचे पाणी पिणाऱ्या तितक्याच घरांमागे ३७. हवा तीच, रस्ते तेच, शेजार तोच. निराळे होते ते पाणी. रोगजंतूंचे शास्त्र अद्याप प्रस्थापित व्हावयाचे होते, तरी या हिशेबाने डोळे उघडले.

आपल्या नदीत काय काय मिसळते याचा विचार तीन प्रकारांनी करता येईल. पहिला प्रकार कुजणाऱ्या घाणीचा. मैला, उष्टे-खरकटे, कत्तलखान्याचे व दुग्धालयाचे सांडपाणी या सर्वांना पाण्यातील सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. पण खाताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. आपल्या हवामानात निर्मळ गोड्या पाण्याच्या एका लिटरात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. तो चाराच्या खाली गेला की मासे कासावीस होतात, आणखी उतरला की मरतात. न शुद्ध केलेल्या मैलापाण्याची प्राणवायूची भूक लिटरामागे सुमारे दोनशे मिलिग्रॅम असते; स्नानायोग्य पाण्यात ती तिनापेक्षा अधिक नसावी असा दंडक आहे. म्हणजे एक लिटर मैलापाणी स्नानायोग्य करावयाचे तर त्यात साठ-सत्तर लिटर निर्मळ पाणी ओतावे लागेल. खाडीत निवटी अजून दिसते, मग खाडी मेली कशी म्हणावयाची, असे काही जण विचारतात. निवटी चिखलावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकते, म्हणून ती टिकते. जिताड्याला आणि कोळंबीला ती सोय नाही.

दुसरा प्रकार खतावणाऱ्या घाणीचा. मैल्यातील आणि साबणांतील नत्र व स्फुरद ही वनस्पतींची खते होत. ती साचली की जलपर्णी फोफावते. उन्हाळ्यात कल्याणच्या वरच्या बाजूस, पाणी उचलण्याच्या जागेजवळच, नदीवर हिरवा गालिचा पसरलेला अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसला आहे. डोळ्यांना तो सुंदर दिसतो. परंतु खालच्या पाण्याला तो कफनासारखा असतो.

तिसरा प्रकार न कुजणाऱ्या विषाचा. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावून कल्याणजवळ उल्हासेला मिळणारी वालधुनी नदी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलाहारांनी ते बांधले ते याच नदीच्या काठी. देवाला स्नान घालता यावे असे पाणी असल्यावाचून कोणी नदीकाठी देऊळ बांधीत नाही. पुढे त्याच पात्रात रंगाचे आणि रसायनांचे लोट आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगर येथे वालधुनीत बेकायदेशीरपणे ओतलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो रहिवासी अत्यवस्थ झाले. वनशक्ती या संस्थेने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नदीकाठच्या नगरसंस्था आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्यावर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसविली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा नव्हता असे नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा आपला कायदा १९६९ मध्येच केला होता, आणि केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. उणीव होती ती कायद्यामागे उभे राहणाऱ्या माणसांची.

या तिसऱ्या प्रकारात पारा मोडतो. कॉस्टिक सोडा करण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरला जाई. उल्हासेच्या मुखाशी साचलेल्या गाळातील पाऱ्याचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला आहे. पारा काय करतो हे जपानातील मिनामाता या मच्छीमार गावाने जगाला शिकविले. तेथील कारखान्याचे पारामिश्रित पाणी १९३२ पासून १९६८ पर्यंत उपसागरात जात होते. गाळातून तो पारा सूक्ष्म जीवांत, त्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत असा चढत्या प्रमाणात साठत गेला. प्रथम मांजरे झिंगून मरू लागली. मग १९५६ मध्ये माणसांचा रोग अधिकृतपणे नोंदला गेला. आपल्याकडे तसे घडले आहे असे मी म्हणत नाही, आणि कोणी घाबरून जावे असाही हेतू नाही. परंतु मिनामातात सर्वांत आधी दंड भरला तो मासळीवर जगणाऱ्यांनी, एवढे खाडीकाठच्या माणसाने विसरू नये.

येथे कोणी म्हणेल, नदी आहे, वाहून जाईल, समुद्र मोठा आहे. नदीच्या बाबतीत हे थोडे खरे. खाडीच्या बाबतीत नाही. खाडीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. ओहोटीबरोबर जी घाण बाहेर निघते तिच्यातील बराच भाग पुढच्या भरतीबरोबर परत येतो. पावसाळ्यात वरून लोंढा येतो तेव्हा खाडी धुतली जाते. उरलेले आठ महिने वरचे पाणी थोडे आणि भरतीचा जोर अधिक, म्हणून घाण मागे-पुढे झोके घेत राहते आणि तळाशी बसत जाते. मिठागराच्या कामाने हे आपल्याला शास्त्रज्ञांच्या आधी कळावयास हवे होते. समुद्राच्या पाण्याच्या एका लिटरात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. तीन-साडेतीन बोमे अंशांचे ते पाणी उन्हात आटवीत आटवीत पंचवीस अंशांवर नेले, की मीठ धरू लागते. पाणी उडून जाते. पाण्यातले जड द्रव्य मागे राहते. मग पाण्याबरोबर जे विष येईल तेही मागेच राहावयाचे, नाही का?

माझे आजोबा उधाणाच्या दिवशी उघाडीपाशी ओणवे होऊन खाडीचे पाणी ओंजळीत घेत, जिभेवर ठेवीत आणि क्षणभर थांबून सांगत, "घ्या आत," किंवा, "अजून गोडसर आहे, थांबा." बोमे अंश मोजण्याची नळी आगराच्या कचेरीत होती, आजोबांची ती जिभेवर होती. आज मिठागरे बव्हंशी ओस पडली आहेत. त्याची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व पाण्यात नाहीत. तथापि मला राहून राहून वाटते की आगर आज चालू असते तरी खाडीचे पाणी जिभेवर ठेवण्यास आपल्यापैकी कोणी धजावला नसता.

आतापर्यंत मी वरच्यांचे दोष सांगितले. ते ऐकावयास गोड वाटतात. आता आपले सांगतो. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली, आणि त्यानंतरही वाढतच आहे. नगररचनेच्या मानाप्रमाणे माणशी १३५ लिटर पाणी धरले आणि त्यातील ऐंशी टक्के सांडपाणी होते असे मानले, तर २०११ च्या वस्तीचेच रोजचे सांडपाणी पावणेनऊ कोटी लिटर होते. दहा हजार लिटरचे जवळजवळ पावणेनऊ हजार टँकर, दररोज. ज्या जमिनींवर ही वस्ती उभी राहिली त्यांपैकी कितीतरी आपल्या होत्या. सातबारा देताना आपण भाव विचारला, चटईक्षेत्र विचारले, मुलाला गाळा मागून घेतला. त्या इमारतीचे सांडपाणी कोठे जाणार, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले? मी स्वतः विचारले नाही, हे येथे कबूल करतो.

शिवाय कोणीच केवळ खालचा नसतो. प्रत्येकाच्या खाली आणखी कोणी असतो. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून उतरणारी चेण्याची नदी आपल्याच हद्दीतून खाडीला मिळते. तिच्या काठी सहलीला जाऊन पत्रावळी आणि बाटल्या टाकून येणारे परगावचेच असतात काय? उत्तनच्या धावगी डोंगरावर सबंध शहराचा कचरा गेला, आणि त्याचे झिरपणारे पाणी खालच्या शेतांत व विहिरींत उतरते अशी तक्रार घेऊन तेथील लोकांना लवादाचे दार ठोठवावे लागले. कल्याण-अंबरनाथशी आपले जे भांडण, तेच उत्तनकरांचे आपल्याशी. मुर्धा, राई, मोर्वा येथल्या खारजमिनींची स्थिती मी सांगावयास नको. ती आपण सारे पाहत आहोत. तिवरांची राने गाळ धरतात, पाण्याचा जोर मोडतात, मासळीच्या पिलांना आसरा देतात. त्यांवर भराव टाकणारे ट्रक रात्री कोणाच्या वाटेने गेले, हेही आपल्याला ठाऊक असते.

मग करावयाचे काय? एकटा माणूस नदी शुद्ध करू शकत नाही हे खरे. परंतु आपल्या पूर्वजांनी एकट्याने बांधही राखला नव्हता. अलिबाग-पेणच्या खारेपाटात बांध राखण्याच्या सामाईक व्यवस्थेला 'जोळ' म्हणत. ज्याची जमीन बांधाआड, त्याच्या घरचा माणूस बांधाच्या कामाला आलाच पाहिजे. कारण खांड एकाच्या शेताशी पडली तरी खारे पाणी सर्वांच्या भातात शिरते. त्याच खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालविला आणि उपाशी राहून एकी टिकविली. ज्या समाजाने हे केले त्याला संघटना शिकवावी लागत नाही.

पाणलोट म्हणजे एक मोठी जोळच आहे. आणि आश्चर्य असे की आपल्या ज्ञातीचा विस्तार पाहिला तर तो या नदीच्या खोऱ्याला धरूनच आहे. भिवंडी, कल्याण, डोंबिवली, ठाणे, भाईंदर, वसई, सर्वत्र आपली गावे आणि आपले सोयरे. आपली लेक कल्याणला दिलेली असते आणि सून भिवंडीहून आणलेली असते. लेकीच्या घरची मोरी ज्या नाल्यात उतरते, त्याचे पाणी तिच्या बापाच्या खाडीत येते. नगरसंस्थांच्या हद्दी या नदीचे तुकडे करतात. आपली सोयरीक मात्र तिला मुळापासून मुखापर्यंत जोडते. हे सामर्थ्य सरकारी खात्यांपाशी नाही. म्हणून हा विषय ज्ञातीच्या व्यासपीठावर आणण्यात काही अनाठायी झाले असे मला वाटत नाही.

यास्तव माझ्या चार नम्र सूचना आहेत. पहिली, आपल्या संस्थेने पाण्याची एक नोंदवही ठेवावी. खाडीवर व नाल्यांवर चार ठिकाणे ठरवून, दर अमावास्येस व पौर्णिमेस ओहोटीच्या वेळी, विज्ञान शाखेच्या आपल्या विद्यार्थ्यांनी प्राणवायू आणि आम्लता मोजून लिहावी. साधने स्वस्त आहेत. तक्रारीच्या कागदापेक्षा दोन वर्षांची वही अधिकाऱ्यांपुढे अधिक बोलते, हा स्नोचा धडा आहे. दुसरी, नदीकाठच्या सर्व आगरी संस्थांची वर्षातून एक बैठक केवळ पाण्याच्या प्रश्नावर भरावी, आणि ती पाळीपाळीने वरच्या व खालच्या गावी व्हावी. तिसरी, आपल्या बांधवांच्या ज्या इमारती, चाळी आणि मंगल कार्यालये आहेत, त्यांचे सांडपाणी भूमिगत गटाराला जोडले आहे की नाल्यात सोडले आहे, याची पाहणी प्रथम आपणच करावी. दुसऱ्याचे घर त्यानंतर. चौथी, तिवरांत भराव पडताना दिसल्यास गप्प राहावयाचे नाही, मग टाकणारा आपला भाऊबंद का असेना. ही चौथी सूचना सर्वांत कठीण आहे हे मी जाणतो.

या वहीची पहिली नोंद करावयास मी स्वतः येत्या पौर्णिमेस जेट्टीवर जाणार आहे. ज्या तरुणांना यावयाचे असेल त्यांनी चिटणीसांकडे नावे द्यावी. आजोबांप्रमाणे जिभेने परीक्षा करता येण्याचे दिवस आपल्या हयातीत येतील की नाही हे सांगता येत नाही. पण निदान मोजमाप तरी आपले आपण ठेवू या.